तीनशे अंशांवरची विश्रांती

सगळे काट्याकडे पाहत होते आणि काटा कोणाकडेच पाहत नव्हता. मांसात खुपसलेला तो तापमापक गेले दोन तास वीस मिनिटे एकशे एकसष्ट फॅरनहाइटवर उभा होता. दारापर्यंत आलेल्या माणसाने आत शिरायचे की परत फिरायचे हे अजून ठरवले नसावे, तसा. पेकानच्या झाडाखाली तीन माणसे, एक शेगडी आणि त्यांच्यामध्ये धुराने माखलेली शांतता. कोणी नुसते खाकरले असते तरी वेंडेलला तो निकाल वाटला असता.

वेंडेल प्रेटर हा काउंटीच्या भूमापन कचेरीत बावीस वर्षे जमिनी मोजत आला होता. जे मोजता येते ते सांभाळता येते, या श्रद्धेवर त्याचा संसार आणि रक्तदाब दोन्ही टिकून होते. त्याच्यासमोर घडीच्या खुर्चीत टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते त्याचे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होइट टिडवेल. ऑक्टोबरातल्या होमकमिंगच्या रविवारी, गाव सोडून गेलेली माणसे जुन्या चर्चमध्ये जेवायला परतत, तेव्हा डुकराच्या खांद्याचे मांस चाळीस वर्षे होइटच्याच विटांच्या भट्टीतून येत होते. आता त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. मुलगा डेल्मर गॅसवर भाजत असे. त्यामुळे वारस म्हणून त्याचा विचार कोणीच, अगदी त्यानेसुद्धा, केला नव्हता. उरला जावई. "सप्टेंबरात एक खांदा भाजून दाखव," होइट एप्रिलमध्ये म्हणाले होते. "बघू."

त्या 'बघू'वर वेंडेलने साडेचार महिने खर्ची घातले. तीन गावांतल्या पाच दुकानांत त्याने सिरॅमिकच्या शेगड्यांच्या भिंतींची जाडी खिशातल्या मोजपट्टीने मोजली, झाकणांवर बोटाचे पेर आपटून नाद ऐकला, आणि अठरा इंची की चोवीस इंची या प्रश्नावर बायकोशी, शार्लाशी, चार दिवस अबोला धरला. अखेर एका विक्रेत्याने हिरव्या, चकचकीत, अंड्यासारख्या पोटाच्या एका शेगडीवर हात ठेवून म्हटले, "ही एकदा तापली की तापली, साहेब. दिवस मावळला तरी ऊब सोडत नाही." हे वाक्य वेंडेलच्या काळजात रुतले. इतकी निष्ठा त्याने माणसांतही फारशी पाहिली नव्हती. शेगडी घरी आली त्या दिवशी होइटनी तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि म्हणाले, "फुलदाणी मोठी आहे."

"मेलंय का ते?" डेल्मरने शांतता मोडली.

"घाम येतोय त्याला," होइट टोपीखालून म्हणाले. "एकशे साठच्या आसपास मांसाला घाम फुटतो. घाम आटेपर्यंत ताप चढत नाही. वाट बघायची."

"किती वेळ?"

"ते त्याला विचार."

"दाजी, चारला बावीस माणसं येतायत," डेल्मर वेंडेलकडे वळला. "दोनशेला गेल्याशिवाय याचा धागा सुटत नाही. बनमध्ये काय भरणार आहात, धीर?"

"पहाटे पाचपासून सगळं नियमाने चाललंय," वेंडेल म्हणाला. "शेगडी अडीचशेला स्थिर आहे. एक अंश इकडे नाही की तिकडे."

"शेगडीचं ठीक आहे. मांसाने वाचलेत का तुमचे नियम?"

बारा वाजले. फुटबॉलचा सामना सुरू झाला म्हणून होइट गुडघ्यांवर हात रोवून उठले. जाता जाता त्यांनी शेगडीच्या तळाशी असलेल्या हवेच्या खिडकीकडे बोट दाखवले. "हिला हात लावू नकोस, पोरा." मग दोघे आत गेले, आणि वेंडेल एकटा उरला, म्हणजे काटा आणि तो.

एकटेपणात घड्याळ मोठ्याने चालते. वेंडेलने शेगडीला तीन फेऱ्या मारल्या, एकदा खुर्ची सरळ केली, एकदा तीच वाकडी केली. दूरच्या घरांतून जल्लोष उठला आणि विरला. कोणी तरी, कुठे तरी, पुढे सरकत होते. काटा मात्र एकशे एकसष्टवर. त्याला वाटले, आपले सारे आयुष्यच या आकड्यावर येऊन थांबले आहे: जावई, पण वारस नव्हे, मोजणारा, पण मालक नव्हे. आणि बारा वाजून वीस मिनिटांनी त्याने ती खिडकी उघडली. बोटभरच. मोजून.

सिरॅमिक आधी काहीच बोलत नाही. पाच मिनिटे झाकणावरचा काटा जागचा हलला नाही, म्हणून वेंडेलने आणखी बोटभर उघडली. मग शेगडीने एक दीर्घ श्वास घेतला. पावणेतीनशे. सव्वातीनशे. एक वाजता झाकणावरचा काटा चारशेच्या पुढे होता आणि वरच्या धुराड्यातून येणारा धूर निळा राहिला नव्हता. वेंडेलने घाईघाईने खालची खिडकी बंद केली, वरची झडप बंद केली आणि तापमान उतरण्याची वाट पाहू लागला. ते उतरेना. दिवस मावळला तरी ऊब सोडत नाही, हे वरदान म्हणून त्याने स्वतःच पैसे मोजून घरी आणले होते. त्याने झाकणावर ओला टॉवेल टाकला. तो पापडासारखा वाळला. त्याने वहीने वारा घातला. चारशे.

अर्ध्या तासाने त्याला राहवले नाही. नुसती एक फट पाडून आत पाहावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण अर्धा तास कोंडलेल्या निखाऱ्यांना हवेची भूक लागलेली असते, आणि अशा वेळी झाकण आधी दोनदा किंचित उचलून आगीला श्वास द्यायचा असतो, हे माहितीपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर होते. वेंडेलने ते पान पिवळ्या शाईने अधोरेखितही केले होते. झाकण उघडताच आतून एक केशरी जीभ बाहेर आली, तिने वेंडेलचा चेहरा ओझरता चाटला आणि ती परत आत गेली.

शार्ला कोबीची कोशिंबीर घेऊन अंगणात येत होती. ती थबकली.

"भुवया कुठायत तुझ्या?"

"होत्या," वेंडेल म्हणाला.

तिने त्याला न्हाणीघरात नेले आणि पेन्सिलीने नव्या भुवया काढल्या. "हलू नकोस. मला अंडीही सोलायचीत." घाईत दोन्ही भुवया जरा उंच गेल्या. आरशातून एक माणूस वेंडेलकडे पाहत होता, ज्याला नुकतीच कोणी तरी एक अविश्वसनीय बातमी सांगितली होती.

"पुसून परत काढ ना."

"लोक यायच्या आत मांस होऊ दे. चेहऱ्याकडे कोण बघतंय?"

मांस. बाहेरून काळे, आतून एकशे चौसष्ट. शेगडी चारशेवर अढळ. तिच्यात परत ठेवावे तर कोळसा होणार, बाहेर ठेवावे तर दगड. वाजले होते दोन. एकच मार्ग होता, आणि त्या मार्गाचे नाव त्या भागात उघडपणे घेत नसत. तिथे माणसाला दुसरे लग्न माफ होते, गॅसची शेगडीही कालांतराने माफ होते. पण धुरावर चढवलेला खांदा स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शिजवणाऱ्याला नाही. त्याच्या अंत्यविधीलाही लोक घरचे काही न करता दुकानातले सॅलड आणतात.

वेंडेलने खांदा चंदेरी कागदात गुंडाळला, वर टॉवेल लपेटला आणि तान्हे बाळ न्यावे तसा छातीशी धरून मागच्या दाराने आत शिरला. बाहेरच्या खोलीत सामना रंगात आला होता. स्वयंपाकघरात त्याची सासू, साऱ्या गावाची 'मिस व्हर्ना', काकडीचे लोणचे कापत उभी होती. आणि तिच्या मागे ओव्हनचा लाल दिवा लागलेला होता.

"मी हे जरा..." वेंडेल म्हणाला. "विश्रांतीला. भाजून झालं की मांसाला विश्रांती देतात ना."

"ठेव की मग आत," व्हर्ना मागे न वळता म्हणाली. "तापलाय तो."

"तुम्ही ओव्हन का लावलात?"

"सवय. दोन वाजले की हात आपोआप जातो." तिने सुरी पुसली. "तुझे सासरे मांस विश्रांतीला आत आणतात ते या वेळेला. त्र्याऐंशी साली असाच घाम फुटला होता एका खांद्याला, आणि पाद्रीबाबा ताट घेऊन दारात. तेव्हापासून त्याची विश्रांती तीनशे अंशांवर असते. दोन तास."

वेंडेलच्या भुवया आधीच वर होत्या, त्यामुळे चेहऱ्याला आणखी काही करता आले नाही. "दर वर्षी?"

"धूर सकाळी लागतो तेवढा लागून जातो. पुढचं मांसाला काय कळतंय, ऊब कुठून येतीय ते." तिने ओव्हनचे दार उघडले. "त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं ओव्हन मी पावासाठी म्हणून तापवते, खांदा ते आत सरकवतात, आणि मी त्याच वेळेला नेमकी पाठ करून उभी असते. आता तू उभा राहू नकोस असा, ठेव."

चार वाजता बावीस माणसे आली. खांदा पाटावर ठेवून वेंडेलने नुसती दोन बोटे टेकवली, आणि मांस धाग्याधाग्याने सुटले, जणू इतका वेळ ते केवळ कोणी विचारण्याची वाट पाहत होते. पहिला घास होइटचा. त्यांनी तो बराच वेळ चावला. अंगणात पुन्हा तीच दुपारची शांतता पसरली, फक्त या वेळी तिला बावीस तोंडे होती.

"विश्रांती किती दिलीस?" होइटनी विचारले.

आता एक खोटा आकडा सांगितला की ऑक्टोबर त्याचा होता. पण वेंडेल भूमापन कचेरीचा माणूस होता. हद्द जिथे आहे तिथेच खुंटी ठोकायची त्याच्या हाताला सवय होती.

"दोन तास," तो म्हणाला. आणि मग, "तीनशेवर."

"विश्रांतीला अंश कुठून आले, दाजी?" डेल्मर म्हणाला.

होइटचा जबडा थांबला. त्यांनी व्हर्नाकडे पाहिले. व्हर्ना अत्यंत एकाग्रतेने लोणच्याच्या फोडी बशीत रचत होती. कोणी तरी बन खाली पाडला; तो उचलायला कोणी वाकले नाही.

"डेल्मर," होइट म्हणाले, "गप खा."

मग ते वेंडेलकडे वळले. "चेहरा असा काय केलायस? मी अजून काही बोललोसुद्धा नाही."

"बोला ना, मिस्टर होइट."

"ऑक्टोबरात पहाटे चारला माझ्याकडे यायचं. लाकूड मी निवडीन, भट्टी मी पेटवीन." त्यांनी आवाज खाली आणला. "विश्रांती तू बघायची."

वेंडेलच्या छातीत दिवसभर अडकून राहिलेला काटा एकदाचा हलला. झाडाखाली ती हिरवी शेगडी अजून साडेतीनशेवर तेवत होती, कोणीही काहीही मागत नसताना. साडेचार महिने शोधून आणलेली ती निष्ठा पाहून त्याला गलबलून आले.

"आणि ही?" त्याने विचारले. "ही घेऊन येऊ का बरोबर?"

होइटनी शेगडीकडे पाहिले. मग ताटात मांसाचा आणखी एक मोठा तुकडा घेतला, त्यावर लोणच्याची फोड ठेवली, आणि गुडघे सांभाळत ते सावकाश घराच्या दिशेने निघून गेले.