वल्लं शे

आमच्या शेजारच्या नाना पेंटरांच्या दाराला हात लावायची सोय नाही. आतून लगेच आवाज येतो, "हात नको लावू, वल्लं शे." दाराच्या त्या 'ओल्या' रंगाला आता पोपडे धरलेत. मी एकदा तसं बोललो, तर नानांनी असं पाहिलं, जसे काही ते पोपडे मीच काढलेत.

चाळीसगावातल्या पाट्या फ्लेक्सवर गेल्या आणि नाना रिकामे झाले. पुढे नानांची बायको, आमच्या सिंधूकाकू, वारल्या. मग नानांकडे तेवढं एकच वाक्य उरलं.

अशात स्टेशनाकडच्या प्रार्थनेच्या हॉलचं काम आलं. पास्टरांना भिंतभर चित्र हवं होतं. लोक हात वर करून, नाचत, देवाची गाणी म्हणताहेत असं. नाना जन्मात चर्चमध्ये गेलेले नाहीत. आनंदानं नाचणारी गर्दी त्यांना एकच ठाऊक, श्रावणात कानबाई देवीला निरोप देणारी. तीच त्यांनी रंगवली. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, फुगड्या, ढोल, आणि मधोमध डोक्यावरचा कानबाईचा चौरंग दोन्ही हातांनी धरलेली एक बाई.

मला हसू आवरेना. पास्टरही हसले. "माणसं आमचीच दिसतात, नाना, राहू द्या. फक्त तेवढा चौरंग काढा."

नाना ब्रश धरेनात. शेवटी त्या चौरंगवालीकडे बघत मला म्हणाले, "ती मनी सिंधू शे. तिना एक बी फोटो नही."

गावभर पाट्यांवर तोंडं रंगवत फिरले, आणि घरात बायकोचं एक चित्र नाही.

त्यांनी चौरंगावर आभाळाचा निळा मारला. काकूंचे हात तसेच वर राहिले, रिकामे. येणाऱ्यांना ती प्रार्थनाच वाटायची.

मग दर रविवारी नाना मागे जाऊन बसू लागले. डोळे मिटायचे नाहीत, गायचे नाहीत. भिंतीला कोणी टेकलं की मात्र, "वल्लं शे."

परवा मालकानं हॉल काढून घेतला. तिथं मोबाइलचं दुकान होणार. चुन्याची बादली घेऊन रंगारी आला, तर नाना भिंतीशी उभे.

"थांब भाऊ. वल्लं शे."

रंगाऱ्यानं काकूंच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट नानांपुढे धरलं. "वाळेल शे, नाना."

नानांनी ते बोट पाहिलं. मग स्वतःच भिंतीवर तळवा टेकवला. "हां," म्हणाले, "वाळी गयं." आणि बाजूला सरकले.

मला फार वाईट वाटलं. घरी पोचल्यावर मी मुद्दाम त्यांच्या दाराला हात लावला, आणि "वल्लं शे"ची वाट पाहत तसाच उभा राहिलो. नाना माझ्या हाताकडे पाहत आत गेले.