सबनीसांचा आग्रह

सिंगापुरात तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये सबनीसांकडे चहाला गेलं, की आधी दारातल्या चपलांपाशी रांगेत उभं राहावं लागायचं. एकटाच पाहुणा असला तरी रांग. सबनीस "नेक्स्ट" म्हणाले की पुढे व्हायचं आणि जेवणाच्या टेबलामागे ॲप्रन घालून उभ्या असलेल्या मुक्ताला ऑर्डर द्यायची.

मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी, विशेष शाळेत जाणारी. नवं शिकायला तिला वेळ लागतो. पण एकदा शिकली, की ब्रह्मदेव खाली आला तरी बदलत नाही. शाळेनं तिला कामाचा अनुभव घ्यायला एका कॅफेत पाठवायचं ठरवलं. सोबतीला काम शिकवणाऱ्या जॉब कोच मिस पेक लिंग. जमलं तर कॅफेवाले तिला कायमची ठेवून घेणार होते. तेव्हा सबनीसांनी काळजीचा जो धोशा लावला, तो काही केल्या थांबेना.

माणूस पुण्याचा. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय बिघडू शकेल, हे शोधायचा पगार घेतो. बायको गेल्यापासून घरीही तोच धंदा. "समजा, कप फुटला. समजा, गिऱ्हाईक ओरडलं. समजा, एमआरटीची मेट्रोच बंद पडली." लिफ्टमध्ये भेटले तरी आपला मजला येईपर्यंत आपल्यालाही धडकी भरवायचे.

म्हणून ही तालीम, आणि आम्ही शेजारी गिऱ्हाइकं. आता मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारल्यावर कधी हो म्हणतो का? मुक्ता विचारायची, "काका, केक?" मी म्हणायचो, "नको गं." लगेच मागून सबनीस, "वाढ, वाढ. नको म्हणतातच ते." आणि मी निमूटपणे केक खायचो. मुक्ताच्या डोक्यात नियम पक्का बसला.

कॅफेत पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी "साखर नको" सांगितलं. मुक्तानं हसतमुखानं घातली. त्यांनी कपावर हात धरला, तिनं बाजूनं आणखी घातली. आजोबा मधुमेहाचे.

संध्याकाळी मिस पेक लिंग घरी आल्या, तेव्हा मी रांगेतच होतो. त्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या,

"मिस्टर सबनीस, कस्टमर से नो मीन्स नो लाह. हू टीच हर?"

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं, मी चपलांकडे.

"मॅनेजर गिव्ह वन मोअर वीक. आय टीच. यू डोन्ट टीच, कॅन?"

तो आठवडा सबनीसांनी कसा काढला, तेच जाणोत. रजा टाकून कॅफेसमोरच्या बस स्टॉपवर बसायचे आणि आलेली प्रत्येक बस सोडून द्यायचे. शेवटच्या दिवशी मात्र मिस पेक लिंगनीच त्यांना गिऱ्हाईक म्हणून बोलावलं. धीर द्यायला मी बरोबर गेलो.

मुक्तानं कॉफी आणली. एक थेंब सांडला नाही. "केक, सर?" तिनं बापाला विचारलं.

"नो, नो," सबनीस सवयीनं म्हणाले आणि हसत, वाट बघत बसले.

"ओके. थँक यू." मुक्ता पुढच्या टेबलाकडे गेली.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या मॅनेजरनं मान डोलावली. काम पक्कं झालं. मी सबनीसांचं अभिनंदन केलं.

"हो," ते म्हणाले. "आता मी नसलो तरी निभेल तिचं." डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. मुक्ता दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती. तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "पण मला एकदा तरी परत विचारायला हवं होतं हो."