ओबरटोबेलची बिनआवाजी नेमबाजी

ज्या समाजात प्रत्येकाचे थोडे थोडे ऐकले जाते, तो समाज प्रगत समजावा. आमच्या ओबरटोबेल गावात तर प्रत्येकाचे बरोबर निम्मे ऐकले जाते. त्यामुळे आमच्याकडे भांडणे होत नाहीत, दुरुस्ती-सूचना होतात. चर्चची घंटा वाजावी की न वाजावी असा वाद निघाला, तेव्हा ती अर्धी वाजवावी असे ठरले. आता दुपारी बारा वाजता सहा ठोके पडतात आणि उरलेले सहा ज्याने त्याने मनात मोजून घ्यायचे असतात. (तीन वाजता काय करावे याचा अभ्यास चालू आहे.)

मी गावाच्या नेमबाजी मंडळाचा कार्यवाह. आमच्याकडे सैन्यात नाव असलेला माणूस बंदूक घरी नेतो, कपाटात कोटांच्या मागे उभी करतो आणि वर्षातून एकदा मैदानावर येऊन आपल्याला अजून समोरचे दिसते एवढे सिद्ध करतो. बाकीचे आम्ही दर शनिवारी हौसेने येतो. इकडे लाकडी शेड, मध्ये ओढा, पलीकडे तीनशे मीटरवर निशाणे (गोळी मधोमध बसली की दहा गुण), आणि शेडमागे भाजलेले सॉसेज व पांढरी वाईन. अध्यक्ष मेल्खियोर बेटशार्ट. त्यांचे वडीलही अध्यक्ष होते आणि ती शेड त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली होती. मंडळातली सर्वांत पक्की नेमबाज म्हणजे मेल्खियोरांची भाची फिना गिस्लर. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि निम्म्या गावाला तिने रिव्हर्स घेताना रडवले आहे. नम्रता तिच्या वाटेला आलेली नाही. "या खोऱ्यात माझ्याएवढा नेम कुणाचा नाही," असे ती स्वतःच सांगत फिरते. आमची अडचण एवढीच, की ते खरे आहे.

यंदा वसंतात कँटनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, सरकारने फर्मान काढले. ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही, खालच्या अंगाला उंटरटोबेल. हाकेच्या अंतरावर दोन मैदाने कशाला? उन्हाळ्यातल्या नेमबाजी उत्सवात दोन्ही गावांनी पाच-पाच जण उतरवावेत. जिंकेल त्याचे मैदान राहील. हरेल त्याने आपली शेड पाडावी आणि दुसऱ्याच्या मैदानावर जावे. उंटरटोबेलच्या शेडीत पालथे पडून नेम धरायचा, ही कल्पनाच आम्हाला सोसणारी नव्हती. ते लोक बटाट्यात शहाजिरे घालतात.

मेल्खियोर मात्र निर्धास्त होते. "आपली फिना आहे ना," ते म्हणाले. "ती एकटी त्या पाचांना ओढ्यात बुडवून येईल."

नेमके याच सुमारास रुकश्टूल दाम्पत्य झ्युरिखहून गावात राहायला आले. त्यांनी घेतलेली जागा नेमबाजीच्या मैदानाशेजारी होती, म्हणून स्वस्त होती. ती नेमबाजीच्या मैदानाशेजारी आहे, हे त्यांना पहिल्या शनिवारी कळले.

व्यायामशाळेत गावसभा भरली.

"झ्युरिखला दारात ट्राम होती," रुकश्टूलबाई म्हणाल्या. "आवाज तिचाही होता. पण ट्राम कुठेतरी पोचते तरी. तुमची गोळी कुठे पोचते हो?"

"दहात," मागच्या रांगेतून फिना म्हणाली.

निम्म्या गावाला गोळीबार हवा होता, निम्म्याला शांतता. मग गावप्रमुख झेवर इंडरबिट्झिन उठले. झेवर वर्षानुवर्षे बिनविरोध निवडून येतात, कारण विरोधात कुणी उभा राहिला की ते त्याला अर्धे पद देऊ करतात आणि तो घाबरून घरी जातो.

"हे बघा मंडळी," झेवर म्हणाले, "नेमबाजी बंद करायची नाही. फक्त आवाज बंद करायचा. दोघांचंही मन राहिलं."

"ते कसं काय बाबा?" मेल्खियोरांनी विचारले.

"ते उपसमिती बघेल."

उपसमितीने बघितले. तिच्या असे निदर्शनास आले की आवाज बंदुकीचा नसून काडतुसाचा असतो. तसेच, आडवे होणे, श्वास रोखणे, एक डोळा मिटणे, घोडा दाबणे व नंतर वाईन पिणे ही नेमबाजीची सर्व प्रमुख अंगे काडतुसाविनाही पार पाडता येतात. सबब काडतूस तेवढे वगळावे. गुण कसे द्यायचे, या प्रश्नावर खुद्द मेल्खियोरांचेच वचन उपयोगी पडले. घोडा दाबताक्षणी गोळी कुठे बसली हे न बघता सांगता आले पाहिजे, असे ते नवशिक्यांना आयुष्यभर बजावत आले होते. ज्याला कळते त्यानेच मग सांगावे. ठराव हात वर करून मंजूर झाला. विरोधात एकच हात होता, पण तो इतका स्थिर होता की मोजणाऱ्याने त्याला कोट अडकवायची खुंटी समजून सोडून दिले.

पहिल्या शनिवारी मेल्खियोर सर्वांत आधी आडवे झाले. टक्. "दहा," ते जरा चाचरत म्हणाले. मग पुन्हा दहा. दहा गोळ्यांत त्यांनी विनय म्हणून दोनदा नऊ सांगितले. पुढच्या शनिवारी विनय कुणालाच परवडेना. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रांगेत असलेल्या दोघा सभासदांनी प्रत्येकी शंभर मिळवले. नुसते कुतूहल म्हणून आलेल्या रुकश्टूलसाहेबांनी बंदूक उलटी धरून सत्त्याण्णव केले. माझेही शंभर झाले. मी नको नको म्हणत होतो, पण दहावा दहाही बसलाच.

मग फिना आडवी झाली. टक्.

"आठ. डावीकडे. श्वास अडकला."

शेडमध्ये एकदम शांतता पसरली. लग्नाच्या पंगतीत कुणी जेवण आळणी आहे म्हटल्यावर पसरते, तशी.

"फिना, नीट आठव बरं," मेल्खियोर हळूच म्हणाले.

"आठवायचं काय त्यात, मामा? आठ म्हणजे आठ."

त्या दिवशी तिचे त्र्याण्णव झाले. महिन्याभरात मंडळाची सरासरी शहाऐंशीवरून नव्व्याण्णवाच्या पुढे गेली आणि तिला शंभराला टेकू देत नव्हते ते एकच माणूस. नियमाप्रमाणे तळाच्या सभासदाला उजळणी वर्ग लागू होतो. तो अध्यक्षच घेतात.

"म्हण, दहा."

"नऊ होता, मामा."

"अगं, पण कुणाला दिसला?"

"मला दिसला. तुम्हाला तुमचे दिसत नाहीत का?"

मेल्खियोरांनी यावर बंदूक पुसायला घेतली. ती स्वच्छच होती, दोन महिन्यांत तिच्यातून काही बाहेर पडलेच नव्हते.

उत्सवासाठी पाच जण निवडायची वेळ आली. फिना सर्वांत चांगली आहे हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होते. पण निवड गुणांवर होते, आणि गुणांत ती शेवटची होती. व्यक्ती पाहून नियम वाकवायला आम्ही काय उंटरटोबेल आहोत? मेल्खियोर, मी, मोतीबिंदूचे दोघे आणि रुकश्टूलसाहेब (उमदा माणूस, तोवर सलग शंभर) असा संघ जाहीर झाला.

फिनाने आपली बंदूक खांद्याला अडकवली. "मामा, मी खाली चालले."

"खाली म्हणजे?"

"उंटरटोबेलला. ते मला घेताहेत. त्यांच्याकडे अजून आवाज होतो."

"तुझ्या आजोबांनी ही शेड बांधलीय, पोरी. ती पडली तर?"

"मग दहा मारा ना, मामा. शंभर येतात की तुम्हाला!"

मेल्खियोरांना फार लागले ते. मलाही वाईट वाटले, पण कार्यवाहाचे वाईट वाटणे कामकाजात धरत नाहीत.

उत्सवाचा दिवस स्वच्छ होता. काडतुसे खरी होती, ही आयोजकांची पहिली चूक. पहिली गोळी रुकश्टूलसाहेबांची. ठो झाल्याबरोबर ते दचकून उठले आणि हा आवाज कोणी केला, तक्रार कुठे करायची, असे विचारू लागले. मोतीबिंदूच्या दोघांनी एकाच निशाणावर नेम धरला. ते निशाण शेजारच्या संघाचे होते. माझ्या गोळ्या कुठे गेल्या याचा तपास अजून लागलेला नाही. मेल्खियोरांचा खांदा थरथरत होता आणि फलकावर चार, तीन, पाच असे काहीबाही आकडे उमटत होते. ते त्या आकड्यांकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. पलीकडे फिना प्रत्येक गोळीनंतर फलकाआधीच आकडा सांगत होती, आणि फलक तिची री ओढत होता.

नाचता येईना अंगण वाकडे, असे उंटरटोबेलवाले म्हणाले. आम्ही तातडीची गावसभा घेतली आणि अंगणाची चौकशी केली. ते वाकडेच निघाले. ओबरटोबेलच जिंकले, असा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. कँटनने तो वाचला की नाही, कळले नाही. शेड पाडायला माणसे आली.

फळ्या निघत होत्या तेव्हा फिना वर आली. मेल्खियोर गवतात आपल्या जुन्या जागी बंदूक घेऊन पालथे पडले होते.

"मामा, शेवटचा मारताय?"

टक्.

"दहा," मेल्खियोर म्हणाले. तिने नुसते पाहिले. मग ते गवताकडे बघत म्हणाले, "पाच. खांदा हलला."

"उजवीकडे," फिना म्हणाली. "चला, खाली जाऊ. खांदा बसवता येईल."

हल्ली ते दर शनिवारी उंटरटोबेलला जातात, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर गुण घेतात आणि शहाजिऱ्याचे बटाटे खातात, असे कानावर येते. इतका गुणी माणूस असा वाया जावा, याचा मंडळाला खेद आहे.

मंडळाचे मात्र उत्तम चालले आहे. मैदान नसल्याने ते कुणी काढून घेऊ शकत नाही. ते "टक्" ऐकून पुढच्या "टक्"ची वाट बघावी लागते आणि झोप लागत नाही, अशी रुकश्टूलबाईंची सूचना आल्यावर बंदुकाही पुन्हा कोटांच्या मागे गेल्या. आता आम्ही खानावळीत बसतो, डोळा मिटतो आणि आकडा सांगतो. बाईंचे स्वतःचे शंभर झाले. सभासदत्व सर्वांना खुले आहे. गाव, देश, भाषा यांची अट नाही, हजर राहण्याचीही नाही.

तुमचेच उदाहरण घ्या. मघाशी वाचताना तुम्ही मनाशी म्हणालात की त्या शेडमध्ये मी असतो, तर फिनासारखे खरे तेच सांगितले असते. आवाज अजिबात झाला नाही, पण आमच्यापर्यंत पोचला. दहा. मंडळात आपले स्वागत आहे.