आप्पांची हौस

मुरुमच्या शाळेत माझ्या बिगरीच्या वर्गातले सगळ्यात थोरले विद्यार्थी साठी उलटलेले होते. शिवलिंगप्पा त्यांचं नाव, गाव त्यांना आप्पा म्हणे. नात गौरा हिला पोचवायला म्हणून आले, पटका काढून मांडीवर ठेवला, भिंतीला टेकले, ते रोजचेच झाले.

घरच्यांनी पोरांच्या शिक्षणात लक्ष घालावं, असं मीच घरोघर सांगत फिरलो होतो. आप्पांनी ते फारच मनावर घेतलं. मी आकडे म्हणायला लावले की मागून ते 'ओंदु, येरडु' सुरू करत आणि सगळी बिगरी कानडीत मोजू लागे. पाटी कुणी फोडली, याचा निवाडा तेच करत. मी रागावलो की पोरांची बाजू घेत. दुपारी घोरत. घरी जा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पोर रडती मास्तर. मला काय हौस हाय व्हय?"

गौरा रडायची हे खरं. आप्पा उंबऱ्याशी गेले की ती भोकाड पसरायची. आधीच एवढ्या पोरांपुढं ओरडून माझा जीव मेटाकुटीला यायचा, त्यात हे आजोबा. मी अगदी विटून गेलो होतो.

अशात शाळा तपासायला मोहतमीमसाहेब येणार, असा हुकूम आला. वर्गात आजोबा दिसले तर माझ्या नोकरीवरच गदा. त्या सकाळी मी आप्पांना हात जोडले. ते मुकाट्यानं उठले आणि पटका बांधू लागले. गौरानं लगेच सूर लावला. तिला ओसरीवर नेऊन डोळे पुसायला गेलो, तर डोळे कोरडे ठणठणीत.

"खोटं खोटं का रडतेस गं?"

तिनं आत वळून बघितलं आणि हळूच सांगितलं, "म्या गप बसले तर आज्जा घरला जातो. आई-बा रानात असत्यात. आज्जी मेल्यापासनं त्यो एकलाच चुलीकडं बघत बसतो."

 नोकरीचं काय व्हायचं ते होवो म्हणून आत आलो. आप्पा पटका बांधून दारात उभेच होते.

"बसा आप्पा," मी म्हटलं, "पोरगी काही ऐकत नाही."

त्यांनी पटका पुन्हा काढून मांडीवर ठेवला. "मला काय हौस हाय व्हय," ते म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. गौरा त्यांना चिकटून बसली आणि त्यांना दिसेल अशा बेतानं कोरडे डोळे परकरानं पुसू लागली.