सोपानमामाचा निकाल

लढाईचा कुठलाही सिनेमा असो, पडद्यावर पहिली गोळी सुटली की आमचा सोपानमामा भर तंबूत उभा राहायचा आणि विचारायचा, "खेचरं कुठायत?"

मामा परभणीजवळच्या आमच्या पिंगळी गावचा. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर फौजेची खेचरं हाकून आलेला. गोळी एकही झाडली नव्हती, आणि हे तो न लाजता सांगायचा. परभणीला फिरत्या सिनेमाचा तंबू पडला की आमचं गाव आधी मामाला पाठवायचं. त्याचा निकाल आला की मग गाड्या जुंपायच्या का नाही ते ठरायचं. निकाल एकच असायचा. "साफ झूट."

"दारूगोळा काय शिपायानं खिशात नेला व्हय? अन् गोळी लागली तरी गडी गानं म्हनायलाय. मरनाऱ्याला दम पुरत न्हाई बाबा. पानी मागितलं तरी लय झालं."

एकदा गर्दीमुळे मामाला पडद्याच्या मागं जागा मिळाली. तिकडून चित्र उलटं दिसतं. मामानं गावात येऊन सांगितलं, सगळी पलटण डावरी हाय, साफ झूट. त्या खेपेला पिंगळीतून एक माणूस गेला नाही.

तंबूवाला हैदराबादचा. तो हात जोडून म्हणाला, "मामू, मुफत बैठो, पन चुप बैठो."

"मुफत बसतो," मामा म्हणाला. "चुप कसा बसू?"

लढाई संपल्यावर चार-पाच वर्षांनी एक नवा सिनेमा आला. या खेपेला निकालाची वाट न बघता गावातल्या दोन-तीन गाड्या मामाबरोबरच गेल्या. त्यात शूर शिपाई छातीवर गोळी झेलतो, 'आई' म्हणून हाक मारतो आणि हसत हसत मरतो. दिवे लागले. मामा निकाल द्यायला उठला, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काशीबाई आली. तिचा रामा मामाबरोबरच फौजेत गेला होता. मामा परत आला, रामा आला नाही. तेव्हापासून मामा तिच्या दारावरून जायचं टाळायचा.

"सोपाना, खरं सांग," काशीबाई म्हणाली. "माजा रामा असाच गेला का रं?"

गावची माणसं मामाच्या तोंडाकडं बघत होती. मामानं पटका सोडला, परत बांधला.

"असाच गेला, मावशी."

"मला हाक मारली त्यानं?"

"मारली की. मी जवळच व्हतो."

काशीबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे पुसत बाहेर गेली.

येताना काशीबाई दुसऱ्या गाडीत होती. आमच्या गाडीत मी मामाला हळूच विचारलं, "खरंच मारली होती हाक?"

"मला काय म्हाईत?" मामा म्हणाला. "हगवन लागली व्हती त्याला. मला म्हनला, जरा बस जवळ. मी म्हनलं, काम उरकून आलोच. आलो तवा तोंड झाकून ठेवलं व्हतं."

 

दुसऱ्या दिवशी काशीबाईला तोच सिनेमा परत बघायचा होता. मामानं गाडी जुंपून तिला वर बसवलं. पारावरच्या लोकांनी विचारलं, "मामा, काय म्हनतोय शिनेमा?"

मामानं मागं वळून काशीबाईकडं बघितलं.

"खरा हाय," तो म्हणाला. "समदे जाऊन बघा."