बदकाला ‘जा’ कसं म्हणावं

नवी वस्तू घरात आली की तिला पहिलं वळण मी लावते. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन, सगळी माझ्याच हाताखाली शहाणी झाली आणि आजवर एकानंही मला उलट उत्तर दिलेलं नाही. तेव्हा लॅपटॉप काय, झाकणाची पाटीच की ती!

लॅपटॉप आणला होता लेकीसाठी. एका हॉटेलात स्वागताच्या टेबलावरची जागा होती आणि मुलाखत पडद्यावरून होणार होती. मागच्या मुलाखतीत जुन्या फोनवर तिचं चित्र नेमकं तोंड उघडं असताना गोठलं, आणि नोकरी तोंड मिटलेल्या दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. त्यानंतर पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती. म्हणून या खेपेला नवा कोरा लॅपटॉप. मुलाखत दुपारी चारला होती. जेवणं झाली आणि लेक केस धुवायला गेली.

मला वाटलं, तिच्या पाठीमागे आमची पोपडे आलेली भिंत दिसण्यापेक्षा एखादं छानसं तळं दिसावं. मी शोधलं, ‘तळ्याचं सुंदर चित्र, फुकट’. समोर हिरवंगार बटण उमललं. मी दाबलं. तळं आलं नाही. बदक आलं.

पिवळं, गुबगुबीत, डोक्यावर टोपी. कोपऱ्यातून डुलत डुलत मधोमध आलं, मान तिरकी केली आणि चक्क मराठीत म्हणालं, “नमस्कार. मी येऊ का?” खाली दोन बटणं होती, ‘या’ आणि ‘नको’.

आता सांगा, दारात उभं राहून कुणी इतक्या अदबीनं विचारलं, तर ‘नको’ म्हणायला जीभ रेटते का? मी ‘या’ दाबलं.

“माझ्यासोबत हवामान आहे. तेही येऊ दे?”

या.

“सवलतवाले बाहेर उभे आहेत.”

अरे, मग त्यांना उन्हात कशाला ठेवलंय? या.

“आणि तुमच्या फोनवरही डोकावून जाऊ का?”

या, बाबा, या. मी नंबरही दिला.

मग पडदा असा भरला, जसा बारशाच्या घरातला पलंग पाहुण्यांच्या पिशव्यांनी भरतो. वर ढगांची पट्टी सरकत होती, खाली चपलांवर सवलत, उजवीकडे कुणी एक जण ‘तुमचा संगणक आजारी आहे’ म्हणून लाल दिवा फिरवत होता, आणि या सगळ्यांच्या मधून बदक येरझाऱ्या घालत होतं.

सासूबाई चष्मा पुसत शेजारी येऊन बसल्या. “बदक गोड आहे गं. कुणाचं?”

“आपलंच झालंय आता.”

तेवढ्यात लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. पडदा पाहिला, घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. “आई, तू काय केलंस?”

“मी काही केलं नाही. ते विचारत गेलं, मी उत्तरं देत गेले.”

लेकीनं मुलाखतीची खिडकी उघडून पाहिली, तर तिच्या चेहऱ्यावर बदक बसलं. सरकवलं, तर तिच्या नाकाशी चपलांची जोडी आली.

“हे असं राहिलं तर मी मुलाखत कशी देऊ?” तिचा आवाज ओला झाला.

पण पोरगी माझीच. तिनं डोळे पुसले, सेटिंग्ज उघडल्या, आत बसवलेल्या ॲप्सची जंत्री काढली आणि ती तारखेनुसार लावली. “आज आलेले सगळे वर आलेत बघ. एकेकाला काढू.” पहिलं नाव बदकाचं. तिनं ‘काढून टाका’ दाबलं.

बदक मधोमध येऊन बसलं. डोळ्यांत पाणी. “मी जाऊ?” खाली दोन बटणं होती, ‘या’ आणि ‘जा’.

“दाब आई, मी केस बांधते तोवर.”

मी दाबलं, ‘या’.

“आई!”

“अगं, निघालेल्या माणसाला आपण काय म्हणतो? ‘येतो’ म्हणाला की ‘या’ म्हणतो. ‘जा’ कसं म्हणायचं तोंडावर?”

“बरोबर आहे तिचं,” सासूबाई म्हणाल्या.

बदकानं मात्र ‘या’चा सरळ अर्थ घेतला. आनंदानं उडी मारून ते परत बसलं आणि येताना चुलतभाऊ घेऊन आलं. हिरवी टोपी. ज्यानं हे बदक घडवलं, तो नक्की आपल्यातलाच कुणीतरी असणार. आपली नस त्याला नेमकी ठाऊक होती.

आता लेकीनं स्वतः ‘जा’वर बाण नेला, तर बटण सरकलं. डावीकडे नेला, ते उजवीकडे. मांजर दुधाच्या भांड्याभोवती फिरावं तसा तो बाण फिरत होता. तेवढ्यात तिला खाली बारीक अक्षरं दिसली, ‘बोलूनही सांगू शकता’.

“जा!” लेक ओरडली.

“समजलं नाही,” बदक म्हणालं. “प्रेमानं बोला.”

मी प्रयत्न केला. “जा बरं का.” माझ्या तोंडून ते इतकं अपराधी निघालं, की बदकानं मलाच विचारलं, “काही मदत हवी आहे का?”

चार वाजत आले होते. लेक खुर्चीत मागे टेकली आणि तिनं तोंड फिरवलं. सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. या बाईनं जन्मात भिकाऱ्यालासुद्धा ‘जा’ म्हटलेलं नाही. त्यांनी पदर सावरला, पडद्याशी वाकल्या आणि नातीला निजवताना लावत तोच सूर लावला.

*जा रे बदका तळ्याला, ऊन कलतं पाण्यावर*
*तुझ्या माऊलीचा डोळा, तुझ्या रित्या घरट्यावर*

बदक थबकलं. टोपी काढली. “समजलं,” म्हणालं, आणि डुलत डुलत पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनासं झालं.

मग लेक ताडकन उठून बसली. “आजी, पुढचा!”

सासूबाईंनी ढगाला डोंगरावर धाडलं, चपलांना त्यांच्या पावलांकडे, हिरव्या टोपीला भावाच्या मागे. लाल दिवेवाल्याला म्हणाल्या, “जा रे वैद्या, तुझ्या घरी कुणी आजारी नाही ना, ते बघ.” तोही गेला. लेकीनं ब्राउझर पुसून पहिल्यासारखा केला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पडदा असा लख्ख झाला, जसं सडा टाकलेलं अंगण.

चारला मुलाखत लागली. मी आणि सासूबाई दाराआड उभ्या. मॅनेजर बाईंचा आवाज खणखणीत होता. “समजा, खोली सोडायची वेळ झाली, पण पाहुणा जायचं नावच घेत नाही. तुम्ही काय कराल?”

लेक क्षणभर थांबली. मला वाटलं, चित्र गोठलं.

“त्यांना हाकलणार नाही,” ती म्हणाली. “त्यांच्या घराची त्यांना आठवण करून देईन.”

मग मॅनेजर बाई हसल्या, मनापासून. “हे उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. सोमवारपासून या.”

सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. मी भिंतीच्या पोपड्यालाच नमस्कार केला. कुणी काही म्हणो, तळ्याच्या चित्राची कल्पना माझी होती!

सोमवारी लेक नवी पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिली. “येते गं आई.”

“ये,” मी म्हटलं.

आणि माझ्या कमरेच्या बटव्यातून, फोनच्या पोटातून, ओळखीचा आवाज आला, “आलो!”