नाव नसलेल्या टोपीची बखर

सज्जाच्या कठड्यालगत रंग सुकावयास ठेविलेल्या टोप्यांत एक टोपी लहान होती. बाकीच्या टोप्या वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानाच्या, हिचे पान अर्धे. बाकीच्यांवर पुढील पट्टीस निळ्या रंगाने एकेक नाव लिहिलेले, हिची पट्टी कोरी. हिच्या दोन्ही कडांस मात्र दोरा ओविलेला होता, म्हणजे ती हनुवटीखाली बांधावयाची, म्हणजे ज्यास आपल्या डोईवरील टोपी आपण सांभाळता येत नाही ऐशा कोणासाठी केलेली. इतुके पाहून ठेवावे.

विघ्नहर्त्यास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्या भिंती लेकरांचा गलबला निमूट सोसतात त्या भिंतींसही वंदन करोन हकीकत लिहिण्यात येते ऐसी जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार, ते दिवशी एका राज्यात राजकन्या शाल्मलीबाईसाहेब यांचा आठवा वाढदिवस जाहला. राज्याचे नाव बखरकारास ठाऊक नाही. मुलूख म्हणाल तर दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, आणि वाट जिन्याने तिसऱ्या मजल्यावर. मागील साली हा सोहळा बाहेर एक दालन भाड्याने घेऊन केला होता, आणि तेथे भाड्याचे अस्वल आणविले होते, आणि अस्वलाने टाळी मागताच बाईसाहेब टेबलाखाली गेल्या त्या अस्वल निघोन जाईतो बाहेर आल्या नाहीत. म्हणोन यंदा राणीसाहेबांनी आज्ञा केली की जे करणे ते घरींच करणे. राणीसाहेब रसायनशास्त्र पढलेल्या, बोलणे थोडे आणि मापणे फार. त्यांनी मोठे दालन टेपेने मापिले आणि सोफा सज्जात नेविला आणि सांगितले की इतुक्या जागेत दहा मुले पळू शकतात, अकरावे आले तर तळ्यात-मळ्यात बसोन खेळावे लागेल. मग राजांनी केक करण्याचे काम आपणाकडे घेतले, आणि आजीसाहेबांनी, म्हणजे राजांच्या मातोश्रींनी, शिऱ्याचा रवा भाजावयास घेतला, कारण राजांच्या केकावर त्यांचा विश्वास नव्हता.

आता या राज्यात एक पेच पडला होता तो ऐसा. धाकटे युवराज जन्मास येऊन पाचवा महिना लागला तरी त्यांस नाव नव्हते. गुरुजींनी पत्रिका पाहून न हे अक्षर दिले, आणि त्या अक्षरावर राज्य अडून बसले. आजीसाहेबांनी पणजोबांचे नाव काढिले, नारायण. राजांनी निर्वाण म्हटले, तेव्हा आजीसाहेब कानांवर हात ठेवोन बोलिल्या, "शिव शिव! पाळण्यातल्या पोराचं नाव निर्वाण? उद्या दुसरं झालं तर त्याचं काय, तेरावा?" मग राणीसाहेबांनी पुष्कळ विचार करोन निऑन सुचविले.

"ते काय असतं?" आजीसाहेबांनी विचारिले.

"वायू आहे. कुणाशी भांडत नाही, कुणात मिसळत नाही."

"म्हणजे माहेरच्या माणसांवर गेलाय."

यावर राणीसाहेब हसल्या आणि निऑन मागे घेतले, परंतु बाकीची दोन नावे मागे हटेनात, आणि बारसे लांबत गेले. नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा. ती बाळाच्या कानात कुर्र करोन नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालितात, ऐसी रीत. परंतु आत्यासाहेब मंजिरीबाई परमुलखी नोकरीस, आणि त्या या रविवारी सकाळी येऊन सायंकाळच्या गाडीने परत जाणार, आणि पुन्हा येणे उन्हाळ्यात. म्हणोन राजांनी मसलत केली की वाढदिवसाच्या मांडवातच पाळणा बांधावा आणि दोन्ही कार्ये उरकावी. ही मसलत रविवारी सकाळी आत्यासाहेब येताच मुदपाकखान्यात हळू आवाजात जाहली, परंतु शाल्मलीबाईसाहेब ओट्यामागे टोप्या चिकटवीत बसल्या होत्या.

"माझ्या वाढदिवसाला पाळणा नको," त्या उभ्या राहून बोलिल्या.

"अगं शालू, आत्या आयती आलीये. तुझा केक झाला की पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचं नसतं त्याचं काहीच. सगळे येतात आणि त्याच्याकडे बघतात. मला विचारतात, 'काय ताई, खूश ना?' आणि उत्तर ऐकायला थांबतसुद्धा नाहीत."

आजीसाहेब बोलिल्या, "मग उन्हाळ्यापर्यंत बाळच म्हणा त्याला. तोवर बोलायला लागेल, स्वतःच सांगेल काय ते." तेव्हा राणीसाहेबांनी हातातील चमचा खाली ठेविला आणि निवाडा दिला, "दिवस तिचा आहे. पाळणा लावायचा की नाही, ते ती सांगेल. तिनं सांगितलं नाही, तर लावायचा नाही. आणि तिला कुणी विचारायचं नाही." हा निवाडा सर्वांनी मान्य केला, आणि आत्यासाहेबांनी तर हातच जोडिले, कारण आजीसाहेब आणि राजे यांचे मध्ये उभे राहून नाव उच्चारण्याचे धैर्य त्यांस नव्हते.

मग त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पाहुणे आले. खालच्या मजल्यावरील झोया आली, समोरच्या दारातील ओजस आला, शाळेतील मंडळी आली, आणि प्रत्येकास दारातच आपापल्या नावाची टोपी मिळाली. आणि जो तो टोपी घालितांच विचारी, "बाळ कुठंय?" आणि बाईसाहेब दर वेळी बोट दाखवोन म्हणत, "तिकडे," आणि दर वेळी ते बोट थोडे कमी वर जाई. ओजसने पाळण्यापाशी जाऊन पुसले, "ह्याचं नाव काय?"

"बाळ."

"बाळ काय नाव असतं? तुमच्याकडे नाव मिळत नाही का?"

"मिळतात. खूप मिळतात, म्हणूनच नाहीये."

"ह्याचा आवाज आमच्या घरात येतो," झोया बोलिली. "रडला की अम्मी म्हणते, वाजला वरचा भोंगा."

मग औक्षण जाहले, आणि मग खेळ लागले. प्रथम तळ्यात-मळ्यात, त्यात ओजस सगळ्यांच्या आधी बाद होऊन पंच जाहला आणि फार अन्याय करू लागला. मग लिंबू-चमचा, त्यात लिंबे सोफ्याखाली जातील म्हणावे तर सोफाच सज्जात, म्हणोन ती थेट मुदपाकखान्यात घरंगळत गेली आणि आजीसाहेबांनी तेथून परत फेकिली. बाईसाहेब हसत होत्या आणि त्यांची टोपी एका कानावर आली होती. आणि मग राणीसाहेबांनी दिवसाचा मुख्य खेळ मांडिला तो ज्वालामुखी. एका बाटलीभोवती कणकेचा डोंगर थापिलेला, बाटलीत सोडा भरिलेला, आणि व्हिनेगरमध्ये लाल रंग कालवोन तो पेला बाईसाहेबांचे हाती दिला. सर्व मंडळी गोल करोन बसली. बाईसाहेबांनी आठवडाभर शाळेत सर्वांस सांगून ठेविले होते की आमच्या घरी डोंगर फुटणार. त्यांनी पेला ओतिला. डोंगर स्वस्थ राहिला. आणखी ओतिला. लाल पाणी बाटलीत गेले आणि तेथेच राहिले.

"झोपलाय," ओजस बोलिला.

"माझ्या वाढदिवसाला जादूगार आला होता," झोया बोलिली, वाईट हेतूने नव्हे, परंतु बोलिली.

बाईसाहेबांच्या खालच्या ओठाचा रंग बदलला. राणीसाहेबांनी बाटलीत बोट बुडविले, जिभेस लाविले, आणि मुदपाकखान्याकडे पाहिले. तोच तेथून राजांची आरोळी आली, "अरे, हा थांबत नाहीये!"

राजांनी केक कुकरात ठेविला होता, शिटी आणि रबरी कडे काढून, तळाशी मीठ पसरोन, जैसी या मुलखाची रीत. झाकण उघडिले तो केक पात्र सोडून चोहोंकडे निघालेला, तपकिरी, भोके भोके पडलेला, आणि त्यास साबणाचा वास. झाले होते ते ऐसे. या राज्यात श्रीखंड संपले की डबा टाकीत नसत. पिठीसाखर श्रीखंडाच्या डब्यात, आणि सोडा श्रीखंडाच्या डब्यात, आणि दोन्ही पांढरे. राणीसाहेब नेमस्त, म्हणोन त्यांनी दोन्हींस नावे चिकटविली होती, परंतु ती झाकणांस चिकटविली, डब्यांस नव्हे. आणि आजीसाहेबांनी आदले दिवशी सगळी झाकणे एकत्र धुतली आणि जे हाती आले ते ज्यास बसले त्यास बसविले, आणि श्रीखंडाची झाकणे सगळ्या डब्यांस बसतात. येणेकरून केकात वाटीभर सोडा गेला आणि डोंगरात साखर.

"म्हणजे तुमचा डोंगर गोड झाला," ओजस बोलिला, "आणि केक फुटला!" आणि सगळी मंडळी इतुकी हसली की दोन टोप्या फाटल्या. परंतु बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या डोंगराकडे पाठ करोन बसल्या. राजे पात्र हाती घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शालू, चुकलो गं." आणि आजीसाहेब बोलिल्या, "झाकणं मी लावली. मला बोल."

राणीसाहेबांनी राजांच्या हातून पात्र घेतले, केक परातीत उलथा केला, आणि चाकूने त्याच्या माथ्यावर खोल विवर कोरिले. मग व्हिनेगर संपले होते म्हणोन लिंबू-चमच्याची लिंबे गोळा करोन पिळिली, त्यात उरलेला लाल रंग घातिला, आणि तो पेला लेकीपुढे धरिला.

"सोडा भाजला म्हणून संपत नाही. ओत."

"नाही झालं तर?"

"तर कळेल की नाही होत."

बाईसाहेबांनी ओतिले. आणि केक फुसफुसला, आणि विवरातून लाल फेस वर आला आणि कडांवरोन उतरला आणि परातीत पसरला, आणि मुले ओरडली, आणि त्या सर्वांच्या ओरडण्यावर एक नवीन आवाज चढला. आत्यासाहेबांच्या कडेवर युवराज हसत होते. युवराज यापूर्वी गालांत हसत, परंतु ऐसे खळखळोन, पोट हलवीत, प्रथमच. तो आवाज दालन भरोन जिन्यात गेला आणि जिन्यातून परत आला.

मग जे व्हावयाचे तेच जाहले. सगळी मुले केक सोडोन युवराजांभोवती गेली. "पुन्हा हसव ना!" "ए बाळा!" आणि बाईसाहेब रिकामा पेला घेऊन परातीपाशी एकट्या राहिल्या, आणि राजांनी डोळे मिटोन घेतले. ओजसने पेला मागितला आणि लिंबू ओतिले. फेस आला, युवराज गंभीर. झोयाने ओतिले. फेस आला, युवराजांनी जांभई दिली.

"एकदाच हसायचं होतं त्याला," ओजस बोलिला.

"तू ओत," राणीसाहेब लेकीस बोलिल्या.

बाईसाहेबांनी पेला उचलिला मात्र, अजून थेंब पडला नव्हता, तो युवराज किंचाळोन हसले.

"केकाला नाही हसत," झोया बोलिली. "तुला हसतो."

"एकदा झालं म्हणून तसंच असतं असं नाही," राणीसाहेब बोलिल्या. "पुन्हा करून बघा." मग पुन्हा केले, आणि झोयास बाईसाहेबांची टोपी घालोन केले, आणि बाईसाहेबांस दाराआड उभे करोन केले, आणि लिंबे संपली तेव्हा नुसत्या रिकाम्या पेल्याने केले. दर वेळी एकच उत्तर आले. ताई दिसली की हसणे, न दिसली की नाही. ओजसने पंच या नात्याने निकाल दिला, आणि तो त्याचा त्या दिवसाचा पहिला न्याय्य निकाल. बाईसाहेब मोजून पाहिल्यासारख्या युवराजांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

मग आजीसाहेबांनी शिरा वाडग्यात दाबोन ताटात उपडा केला आणि वर बेदाण्यांनी आठचा आकडा काढिला, आणि तोच केक ठरला, आणि सर्वांनी दोन दोन वेळा घेतला. आणि दिवस कलला. आत्यासाहेबांनी पिशवी दारात आणोन ठेविली आणि रिक्षेस निरोप धाडिला. कोणी काही विचारिले नाही, कारण निवाडा तैसा होता. परंतु आजीसाहेब एकच वाटी पुन्हा पुन्हा पुशीत होत्या, आणि राजे वर पंख्याकडे पाहत होते.

तेव्हा बाईसाहेब सज्जात गेल्या आणि ती लहान टोपी घेऊन आल्या. निळ्या रंगात काडी बुडवोन, डाव्या हाताचा आडोसा करोन त्यांनी पट्टीवर काही लिहिले, आणि टोपी पाठीमागे धरोन आत्यासाहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"आत्या, नाव ठेवायचा हक्क तुझाच ना?"

"माझाच. पण आईच्या आणि दादाच्या भीतीनं पाच महिने मला एक नाव सुचलेलं नाही."

"मी सांगू? तू त्याच्या कानात सांग."

आत्यासाहेबांनी आजीसाहेबांकडे पाहिले. आजीसाहेब बोलिल्या, "मला काय बघतेस? तो हसतो कुणाला?" आणि वाटी खाली ठेविली.

"मग मी कशाला मध्ये?" आत्यासाहेब बोलिल्या. "तूच सांग. मी धपाटे घालते."

"मी पण घालणार!" ओजस बोलिला, आणि सगळी मंडळी बाईसाहेबांच्या मागे रांगेत उभी राहिली. राजांनी पाळणा ओढोन मधोमध आणिला, आणि राणीसाहेबांनी युवराजांस त्यात निजविले.

येणेप्रमाणे जो केक कोणी खाल्ला नाही तो सर्वांस आवडला, जो डोंगर फुटावयाचा तो गोड राहिला, झाकणांवरील चिठ्ठ्या काढोन डब्यांस लाविल्या गेल्या, आणि राजकन्येचा दिवस राजकन्येचाच राहिला. राहिली एक गोष्ट, ती लिहिली म्हणजे बखर पुरी. बाईसाहेबांनी टोपी युवराजांच्या डोईवर ठेवोन हनुवटीखाली दोरा बांधिला, आणि वाकोन त्यांच्या कानाशी तोंड नेले, आणि मुलांनी कुर्रर्र केले आणि पाठीत धपाटे पडू लागले, आणि युवराज ताईचे तोंड इतुके जवळ पाहून जिना दणाणेल ऐसे हसले. मग कानात सांगावयाचे ते बाईसाहेबांनी मान वर करोन साऱ्या राज्यास ऐकू जाईल ऐसे मोठ्याने सांगितले:

"निनाद."